सुरतेचा रुपया आणि वाचणारा डोळा

जुन्या नाण्यांचा व्यापार करणाऱ्याच्या दुकानी माल दोन ठिकाणी ठेवलेला असतो. निवडक नाणी काचेखाली, मखमलीच्या तुकड्यावर मांडलेली असतात. प्रत्येकाखाली चिठ्ठी असते आणि चिठ्ठीवर राजाचे नाव, टांकसाळ व किंमत लिहिलेली असते. उरलेली नाणी एखाद्या पेटीत, डब्यात किंवा परातीत एकत्र पडलेली असतात. त्यांना चिठ्ठी नसते. ‘यांतले कोणतेही घ्या, भाव एकच,’ असे विक्रेता सांगतो. पैसेवाला हौशी गिऱ्हाईक काचेपाशी थांबतो. ज्याच्या खिशात पैसा बेताचा, परंतु डोळ्यांत जाण आहे, असा संग्राहक मात्र पेटी पुढे ओढून घेतो आणि एकेक नाणे उजेडाकडे धरून पाहू लागतो. त्याच्या या पाहण्यात काय असते, आणि जे असते त्याचे मोल केवळ पैशांत होते काय, याचा विचार सुरतेच्या रुपयाच्या निमित्ताने करण्यासारखा आहे.

सुरतेचाच रुपया निवडण्याचे कारण साधे आहे. पश्चिम हिंदुस्थानात अशा पेट्यांतून जी मोगली नाणी हाताला लागतात, त्यांत सुरतेच्या टांकसाळीचा रुपया वरचेवर आढळतो. अकबराने १५७३ मध्ये सुरतेचा किल्ला जिंकला. पुढे जहांगीरच्या कारकिर्दीत सुरतेची टांकसाळ नावारूपाला आली, आणि शाहजहान व औरंगजेब यांच्या काळी ती साम्राज्यातील मोठ्या टांकसाळींपैकी एक झाली. तापीच्या मुखापाशी वसलेले हे बंदर तांबड्या समुद्राशी, इराणी आखाताशी आणि युरोपाशी व्यापार करीत होते. गुजरातचे कापड व नीळ बाहेर जाई आणि बदल्यात चांदी येई. या देशात चांदीच्या खाणी नाममात्र. तेव्हा सुरतेत उतरणारी ही परकी चांदी, विशेषतः स्पेनचे रियाल, सराफांच्या हातून टांकसाळीत जात आणि तेथे वितळून त्यांचे रुपये होत. ज्याच्यापाशी चांदी असेल त्याने ती टांकसाळीत आणावी, ठरलेली घडणावळ द्यावी आणि रुपये घेऊन जावे, अशी मोगली पद्धत होती. त्यामुळे आज पेटीत पडलेल्या एखाद्या काळवंडलेल्या रुपयातील चांदी मेक्सिकोच्या किंवा पेरूच्या खाणीतून निघालेली असण्याचा पुष्कळ संभव आहे.

हा रुपया वजनाला सुमारे साडेअकरा मासे, म्हणजे आजच्या मापाने साडेअकरा ग्रॅमच्या आगेमागे असे. त्यात मिसळ फार थोडी. चांदीची गोल चकती दोन ठशांमध्ये धरून वरून हातोडा मारला की नाणे तयार होई. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे सगळा मजकूर नाण्यावर कधीच उमटत नसे. कोठे राजाचे अर्धे नाव, कोठे टांकसाळीचे अखेरचे अक्षर, कोठे तारखेचे दोनच आकडे, अशी ती अपुरी लेखणी असे. पेटी चाळणाऱ्याचे सारे कौशल्य हे अपुरे पुरे करून घेण्यात असते.

येथे एक मौज ध्यानात घेण्याजोगी आहे. मोगल काळातील सुरतेचा सराफ रुपया हातात येताच प्रथम त्यावरील सन पाही. चालू सालाचा रुपया तो ‘सिक्का’; त्याला पूर्ण भाव. साल उलटले की त्यावर बट्टा बसे. मागल्या बादशहाचा रुपया असला तर बट्टा आणखी वाढे, मग चांदी तितकीच का असेना. म्हणजे नाणे जितके जुने तितके ते स्वस्त! आज तोच आकडा नेमक्या उलट्या हेतूने वाचला जातो. तेव्हाच्या सराफाने ज्या सनावरून रुपयाची किंमत उतरविली, त्याच सनावरून आजचा संग्राहक ती चढवितो. फरक एवढाच की, तेव्हाच्या सराफाला फारसी अंक वाचता येत होते. आजच्या विक्रेत्यांपैकी अनेकांना ते येत नाहीत. पेटीतील भाव एकच असतो, तो सगळी नाणी सारखी असतात म्हणून नव्हे, तर ती वाचली गेलेली नसतात म्हणून.

हे वाचन वाटते तितके अवघड नाही. संपूर्ण फारसी शिकण्याची आवश्यकता नसते. दहा अंक आणि पंधरावीस ठरीव शब्द ओळखता आले की बराच प्रांत सर होतो. शून्य हा केवळ एक बिंदू असतो आणि पाचाचा अंक पोकळ वर्तुळासारखा असतो; नवशिका पाचालाच शून्य समजतो आणि फसतो. सात हा वरून उघड्या पाचरीसारखा, तर आठ म्हणजे तीच पाचर उलटी. नाण्याच्या एका अंगावर बादशहाचे नाव व हिजरी वर्ष असते. दुसऱ्या अंगावर ‘जुलूस’ हा शब्द, राज्यारोहणाचा सन आणि ‘जर्ब’ या शब्दानंतर टांकसाळीचे नाव येते. पहिल्या सनाचा आकडा घालीत नसत. त्या जागी ‘अहद’ असा शब्द लिहीत. सुरतेचे नाव सीन, वाव, रे आणि ते या चार अक्षरांचे. काही नाण्यांवर त्याला ‘बंदर-ए-मुबारक’ असे बिरुद जोडलेले आढळते. कारण मक्केची यात्रा करणारे लोक याच बंदरातून जहाजावर चढत.

दोन्ही अंगांचे आकडे एकमेकांची साक्ष देतात. औरंगजेबाच्या नाण्यावर सन वाचता आला आणि त्यात १०६७ मिळविले, तर हिजरी वर्ष तेच किंवा त्याच्या पुढचे यावयास हवे. न आले तर वाचणाऱ्याची चूक आहे, नाही तर नाणे खोटे आहे, नाही तर खरोखरच काही विशेष हाती लागले आहे. तीन शक्यता तपासल्यावाचून चौथे नाणे उचलू नये, ही जाणत्यांची शिस्त होय.

आता पेटीत विशेष म्हणून काय सापडू शकते? औरंगजेबाने जवळजवळ पन्नास वर्षे राज्य केले आणि सुरतेची टांकसाळ त्या काळात अखंड चालू होती. त्याचे सुरतेचे रुपये म्हणूनच विपुल आहेत आणि त्यांची किंमत चांदीच्या भावाहून फार वर जात नाही. पेटीचा मोठा भाग त्यांनीच भरलेला असतो. शाहजहानच्या नाण्यांवर कलमा असे. औरंगजेबाने पवित्र वचनाची हेळसांड होऊ नये म्हणून तो काढून टाकला आणि त्याच्या जागी फारसी पद्यपंक्ती घातल्या. त्यांत चांदीच्या नाण्याला चंद्राची व सोन्याच्या नाण्याला सूर्याची उपमा दिलेली आहे. हा भेद कळला की या दोन बादशहांची नाणी दुरूनही वेगळी करता येतात.

परंतु या गर्दीत कधी कधी वेगळा माणूस उभा असतो. जहांगीरच्या अखेरच्या वर्षांत, हिजरी १०३३ पासून १०३७ पर्यंत, काही टांकसाळींतून बेगम नूरजहान हिच्या नावाचे रुपये निघाले. सुरत ही त्यांपैकी एक. मोगल बादशाहीत राणीचे नाव नाण्यावर येणे हा अपूर्व प्रकार होता. तरीही नाव न वाचणाऱ्याला तो इतरांसारखाच एक जुना रुपया दिसतो.

दुसरे उदाहरण मुरादबक्षाचे. शाहजहान १६५७ मध्ये आजारी पडला आणि त्याच्या चार पुत्रांत राज्यासाठी झुंज लागली. गुजरातचा सुभेदार असलेल्या मुरादने त्या वर्षाच्या अखेरीस अहमदाबादेत स्वतःला बादशहा म्हणवून घेतले. त्याच्या सैन्याने सुरतेचा किल्ला घेतला आणि तेथील सावकारांकडून मोठी रक्कम कर्जाच्या नावाखाली वसूल केली. विरजी वोरा या विख्यात व्यापाऱ्याला त्यात भाग घ्यावा लागला. त्याच सुमारास सुरतेच्या टांकसाळीतून मुरादच्या नावाचे रुपये बाहेर पडले. जून १६५८ मध्ये औरंगजेबाने त्याला कैद केले. १६६१ मध्ये ग्वाल्हेरीस त्याचा वध झाला. सहासात महिन्यांच्या त्या औटघटकेच्या बादशाहीचा पुरावा हिजरी १०६८ या चार आकड्यांत साठवलेला आहे.

तिसरा प्रकार नामसादृश्याचा. विक्रेता घाईघाईने ढीग वेगळे करतो ते बादशहाच्या नावावरून. पण मोगल घराण्यात नावे फिरून फिरून येतात. १७१९ मध्ये फर्रुखसियरला पदच्युत केल्यावर सय्यद बंधूंनी प्रथम रफीउद्दरजातला आणि त्यामागून रफीउद्दौला यास गादीवर बसविले. दोघांनाही जेमतेम तीन तीन महिने राज्य लाभले. त्यांतील दुसऱ्याने शाहजहान ही पदवी घेतली. त्याचा सुरतेचा रुपया थोरल्या शाहजहानच्या ढिगात पडला तर नवल नाही. त्याला तेथून बाहेर काढतो तो ११३१ हा आकडा. तसाच एक आलमगीर औरंगजेब आणि एक आलमगीर १७५४ ते १७५९ पर्यंतचा. एक शाह आलम १७०७ चा आणि दुसरा १७५९ चा. नाव वाचून जो थांबला, त्याच्यासाठी ही नाणी एकच. सनापर्यंत जो पोहोचला, त्याच्यासाठी ती शंभर वर्षांच्या अंतरावरची.

याच्या उलट, दुर्मिळ वाटून फसविणारा रुपयाही पेटीत असतो. दुसऱ्या शाह आलमच्या नावाचा, सुरत टांकसाळीचा आणि ४६ व्या सनाचा रुपया नवशिक्याला मोठी प्राप्ती वाटते. पण तो सुरतेत पाडलेला नसून बहुधा ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत पाडलेला असतो. लोकांना सुरती रुपयाची सवय, म्हणून कंपनीने नाव तेच ठेवले आणि सन ४६ वर गोठवून टाकला. बादशहा १८०६ मध्ये मरण पावला तरी नाण्यावर त्याचे राज्य चालूच राहिले. १८३५ मध्ये कंपनीने आपल्या साऱ्या मुलखासाठी एकच, विल्यम राजाच्या मुखवट्याचा रुपया सुरू केला, तेव्हा हा देखावा संपला. नाण्यावरचे अक्षर खरे असूनही त्यातील विधान खोटे असू शकते, हा धडा या रुपयाइतका स्वस्तात दुसरीकडे मिळणार नाही.

महाराष्ट्रातील संग्राहकाच्या दृष्टीने आणखी एका आकड्याचे महत्त्व आहे. शिवाजी महाराजांनी जानेवारी १६६४ मध्ये सुरतेवर पहिली स्वारी केली. हिजरी १०७४ हे वर्ष ऑगस्ट १६६३ ते जुलै १६६४ असे येते. दुसरी स्वारी ऑक्टोबर १६७० मधील; ती १०८१ या वर्षात पडते. तेव्हा सुरतेच्या रुपयावर १०७४ अथवा १०८१ हे आकडे आढळले, तर ते नाणे त्या स्वाऱ्यांच्या आगेमागे त्याच शहरात पडलेले आहे. बाजारात अशा रुपयाला वेगळा भाव नाही. तो औरंगजेबाच्या शेकडो रुपयांपैकी एक आहे. तो महाराजांच्या खजिन्यात जाऊन आला असे म्हणण्यासही आधार नाही, आणि तसे सांगून कोणी जादा पैसे मागितले तर देऊ नयेत. परंतु नाक्यावर मराठ्यांची घोडी आली असता शहरात जो पैसा खुळखुळत होता तो असा होता, एवढे तो निश्चित सांगतो. पैशांत न मोजता येणारे मोल म्हणतात ते हेच.

ढिगातून मोलाची वस्तू उचलण्याचा हा छंद सर्व देशांत आहे. अमेरिकेत बेसबॉलच्या खेळाडूंची चित्रे छापलेली लहान पत्ती संग्राहक जमवितात, आणि तेथील विक्रेत्यांपाशीही स्वस्ताईच्या पेट्या असतात. टॉप्स नावाच्या कंपनीने १९५२ साली काढलेल्या पत्त्यांचा न खपलेला साठा पुढे समुद्रात बुडविण्यात आला. त्याच मालिकेतील मिकी मँटल या खेळाडूचे एक पत्ते २०२२ मध्ये सव्वा कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले. तेथेही पेटी चाळणाऱ्याला नाव, वर्ष व स्थिती वाचावी लागते. मात्र छापील पत्त्याच्या मागे कंपनीची यादी असते. कोणते पत्ते निघाले हे ठाऊक असते. मोगली रुपयाची संपूर्ण यादी कोणत्याही टांकसाळीने मागे ठेवलेली नाही. ती यादी नाण्यांवरूनच तयार करावी लागते. म्हणून येथे पेटी चाळणारा हा नुसता गिऱ्हाईक राहत नाही, तो इतिहासाचा मदतनीस होतो.

अर्थात जेथे लाभ तेथे लबाडी असतेच. नूरजहानच्या नावाची नाणी, तसेच जहांगीरने काढलेले राशिचिन्हांचे रुपये यांच्या नकला पुष्कळ झाल्या आहेत. साच्यात ओतलेल्या नाण्याची अक्षरे साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत दिसतात, कडेला कधी सांध्याची रेघ आढळते आणि वजन उतरते. दोन नाणी प्रत्येक चरा व खळगा यांसह हुबेहूब सारखी दिसली, तर दोन्ही संशयास्पद मानावीत. हाताने मारलेल्या नाण्यांत असे जुळेपण येत नाही. याउलट नाण्यावरील लहान लहान टोचे पाहून ते टाकून देऊ नये. त्या सराफांनी चांदी पारखताना केलेल्या खुणा होत. त्यांनी बाजारभाव थोडा उतरतो खरा, परंतु नाणे अनेक हातांतून फिरले याची ती ग्वाहीच असते. आणि काळवंडलेले नाणे चिंच, राख किंवा तेजाब लावून कधीही चकचकीत करू नये. काळेपणाबरोबर अक्षराची धारही जाते.

एक प्रश्न उरतो तो नीतीचा. विक्रेत्याला ठाऊक नसलेले मोल संग्राहकाला ठाऊक आहे. तर त्याने गप्प राहून ढिगाच्या भावात नाणे न्यावे काय? व्यापारी म्हणेल, माल पारखणे हे माझे काम होते, मी ते केले नाही, तेव्हा तक्रार कसली! दुकानदाराच्या बाबतीत हे उत्तर चालण्यासारखे आहे, कारण पारख हाच त्याचा धंदा आहे आणि पुढच्या व्यवहारात तोही गिऱ्हाइकाच्या अज्ञानाचा फायदा घेतोच. परंतु आजीच्या गाठोड्यातील चार रुपये विकावयास आलेली विधवा, किंवा लिंबायत-उधन्याकडच्या कारखान्यात राबणारा, गावाकडून वडिलार्जित नाणे घेऊन आलेला कामगार, हे व्यापारी नव्हेत. त्यांच्यापुढे जाणत्याने मुके राहणे ही पारख नव्हे, फसवणूक होय. जो वाचू शकतो त्याने अशा ठिकाणी वाचून दाखवावे आणि मग भाव बोलावा. सौद्यात थोडे कमी मिळेल. पण पुढच्या वेळी त्या घरातले नाणे मोडीत जाण्याआधी त्याच्याकडे येईल.

कारण खरी हानी स्वस्तात विकले जाण्याने होत नाही, ती मुशीत होते. चांदीचे भाव चढले की जुन्या रुपयांचे ढीग वजनावर मोडीत जातात. त्यात औरंगजेबाचे शंभर रुपये गेले तर चांदी गेली. पण त्यांत न वाचलेला एक मुरादबक्ष गेला, तर कागदपत्रांनी न नोंदलेली एक साक्ष कायमची पुसली जाते. वितळलेल्या चांदीला सन नसतो.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावयास हवी. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा कलेक्टरला कळविणे १८७८ च्या निखात-निधी कायद्याने बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी खाजगी माणसाला देशाबाहेर पाठविता येत नाहीत. १९७२ च्या कायद्याने त्यास मनाई केली आहे. ठेवा जसाच्या तसा अभ्यासकांपुढे आला, तर तो केव्हा व का पुरला गेला हे उलगडते. वाटून, विखरून पेट्यांत पडला की तोच ठेवा सुटी चिल्लर होतो.

अशी चिल्लर जोडून इतिहास उभा करणारी माणसे या प्रांतात होऊन गेली आहेत. अहमदाबादेत राहणारे पाद्री जॉर्ज टेलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सुरतेच्या नाण्यांवर स्वतंत्र निबंध लिहून तो मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. १९१० मध्ये स्थापन झालेल्या न्युमिस्मॅटिक सोसायटी ऑफ इंडियाच्या उभारणीतही त्यांचा हात होता. जुनागडच्या महाविद्यालयात अध्यापक असलेले शापूरशा होडीवाला यांनी १९२३ मध्ये मोगल नाण्यांविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध करून फारसी तवारिखा आणि नाणी यांचा मेळ घालून दाखविला. महाराष्ट्रात नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या संशोधनाला वाहिलेली संस्था आहे, डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्या परिश्रमाने ती उभी राहिली. सामान्य संग्राहकाला एवढे मोठे काम करावयाचे नसते. त्याने आपल्याजवळच्या प्रत्येक नाण्याचे वजन, दोन्ही अंगांचे छायाचित्र, वाचलेला सन आणि ते कोठे व केव्हा घेतले हे एका वहीत टिपून ठेवावे. नवे काही वाटले तर जाणत्याला दाखवावे. एवढ्याने त्याचा छंद सार्थकी लागतो.

पेटीत हात घालणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना शेवटी औरंगजेबाचा साधा रुपयाच मिळतो. त्यात निराश होण्यासारखे काही नाही. तो रुपया नीट वाचला, त्याचा सन लावला, त्या साली सुरतेत काय चालले होते हे पुस्तक उघडून पाहिले, तर दिलेल्या पैशांहून अधिक पदरात पडते. आणि दहाव्याच्या हाती जे लागते, ते लागण्याचे कारण दैव नसून आधीचे नऊ रुपये त्याने मन लावून वाचलेले असतात, हे होय.